मॅचच्या गप्पांना फाटे फुटतात, तर फुटू द्या

तुम्ही विचारलंय की एकत्र मॅच बघायला बसलेले मित्र अर्ध्या तासात गाणी, इतिहास नाहीतर बास्केटबॉलवर जातात, समोरची मॅच बाजूलाच राहते, तर खेळाचे फॅन खेळावर का टिकत नाहीत आणि त्यांना आवरायचं कसं. माझं मत विचाराल तर आवरू नका. मी वर्षानुवर्षं अशा घोळक्यात बसून मॅच बघत आलोय आणि जिथे विषय भरकटायची मुभा असते तेच घोळके टिकलेले मी बघितलेत.

आधी साधा हिशोब बघा. टेस्टच्या एका दिवसात 90 ओव्हर म्हणजे 540 बॉल, आणि एका बॉलवर खरी हालचाल पाच-सात सेकंदांची धरली तर सगळी मिळून जेमतेम तासभर होते. खेळ चालतो सहा तास, वर लंचची 40 मिनिटं आणि टीची 20. मग उरलेल्या पाच तासांत माणसांनी करायचं काय, बॉलर रनअपच्या टोकाला परत चाललाय ते बघत गप्प बसायचं? फुटबॉलमध्येसुद्धा 90 मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55-60 मिनिटं. बाकी वेळ थ्रो-इन, फाउल, इंजुरी, रेफ्रीशी हुज्जत. मोकळा वेळ खेळातच ठासून भरलेला आहे आणि मोकळ्या वेळात चार माणसं एकत्र असली की बोलणार.

दुसरं म्हणजे आपली टीम हरत असते तेव्हा काय होतं ते आठवा. नुसती मॅचच बोलणारा ग्रुप असेल तर लागोपाठ चार-पाच पराभवांनंतर तिथे कॅप्टनला शिव्या, सिलेक्टर्सना शिव्या आणि मग एकमेकांना शिव्या, शेवटी दोघंतिघं यायचंच बंद करतात. ज्या ग्रुपात कुणीतरी मध्येच एखाद्या बँडचा विषय काढतो तिथे लोक हरलेल्या सीझनमध्येही येत राहतात, कारण यायला दुसरंही काहीतरी कारण असतं. शिवाय समोरचा कुठल्या टीमचा आहे हे पहिल्या दिवशीच कळतं, पण तो माणूस म्हणून कसा आहे हे त्याला कुठलं गाणं आवडतं, कुठल्या काळाबद्दल वाचायला आवडतं यावरूनच कळायला लागतं.

आणि मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते हे की ज्याला तुम्ही विषय सोडून म्हणताय ते बऱ्याचदा विषयाला धरूनच असतं. 1950 सालची लॉर्ड्सची टेस्ट घ्या. वेस्ट इंडीजने इंग्लंडमध्ये जिंकलेली पहिली टेस्ट, 326 रन्सनी, रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या दोन कोवळ्या स्पिनर्सनी मिळून 18 विकेट्स काढल्या. झाल्याझाल्या लोक मैदानात उतरले, लॉर्ड किचनर हा कॅलिप्सो (कॅरिबियन बेटांवरची लोकगाणी) गाणारा गायक गिटार घेऊन पुढे आणि मागे नाचत-गात मिरवणूक, आणि लॉर्ड बिगिनरने त्या विजयावर केलेला कॅलिप्सो आजही क्रिकेटवाल्यांना माहीत असतो. आता हे दोघे गायक लंडनला पोचले कसे? 1948 मध्ये विंडरश नावाच्या जहाजाने, युद्धानंतर कॅरिबियनमधून कामासाठी ब्रिटनला आलेल्या शेकडो लोकांबरोबर. म्हणजे बोलायला सुरुवात केली स्पिन बॉलिंगपासून, दोन वाक्यांत संगीत आलं आणि चौथ्या वाक्याला साम्राज्य, स्थलांतर, सगळा इतिहास, आणि यात कुणी कुठे वाट सोडली ते मला दाखवा!

याहून भारी उदाहरण लिथुआनियाचं, आणि त्यात तुमच्या मित्रांचे तिन्ही विषय एकत्र येतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. या छोट्याशा देशाला बास्केटबॉलचं वेड जुनं, 1937 आणि 1939 अशी लागोपाठ दोन वेळा त्यांनी युरोपची चॅम्पियनशिप जिंकली होती. 1940 मध्ये सोव्हिएत युनियनने देशच गिळला. पुढे 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत टीमने अमेरिकेला सेमीफायनलला हरवून गोल्ड घेतलं, तेव्हा त्या टीमचे चार मुख्य खेळाडू लिथुआनियन होते, पण मेडलवर नाव दुसऱ्याचं. 1990 ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकला स्वतःची टीम पाठवायची ठरवली, पण पैसे कुठे होते? त्या चौघांपैकी एक, मार्चुलिओनिस, तेव्हा अमेरिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल टीमकडून खेळायचा, त्याने मदत गोळा करायला सुरुवात केली आणि मदतीला धावला तिथलाच एक रॉक बँड, ग्रेटफुल डेड. पैसे दिलेच, वर टीमला लिथुआनियाच्या झेंड्याच्या पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांतले टाय-डाय (कापड बांधून रंगवलेले) टी-शर्ट मिळाले, त्यावर उडी मारून बॉल बास्केटमध्ये घालणारा सांगाडा. ब्राँझच्या मॅचला समोर कोण आलं, तर फुटलेल्या सोव्हिएत युनियनमधल्या उरलेल्या देशांची एकत्र टीम. लिथुआनियाने 82-78 ने जिंकली. मेडल घ्यायला मार्चुलिओनिस आणि मंडळी तेच टी-शर्ट घालून उभी राहिली. मला ही गोष्ट अशाच एका रटाळ मॅचच्या मध्ये एका मित्राने सांगितली, ती मॅच कुणाची होती ते आज आठवत नाही पण ही गोष्ट पक्की डोक्यात बसलीय.

बास्केटबॉलच का मध्ये येतो याचं मला वाटणारं कारण म्हणजे स्लो खेळ बघून कंटाळलेल्याला त्यात थेट उत्तर दिसतं. तिथेही पूर्वी टीमा लीड घेतला की बॉल नुसता धरून ठेवायच्या. 1950 मध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, एक मॅच 19-18 अशी संपली होती, अख्ख्या मॅचचा स्कोर हा! मग 1954 मध्ये 24 सेकंदांचा शॉट क्लॉक आला, म्हणजे बॉल हातात आल्यावर तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा. तो आकडा सिरॅक्युजच्या टीमचा मालक डॅनी बियासोने याने काढला, चांगल्या रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीमा मिळून साधारण 120 शॉट मारतात, मॅच 48 मिनिटांची म्हणजे 2880 सेकंद, भागा 120 ने. पुढच्याच सीझनमध्ये एका टीमचा सरासरी स्कोर 79 च्या आसपास होता तो 93 च्या वर गेला. ओव्हर रेटवरून वैतागलेला क्रिकेट फॅन किंवा टाइमपास करणाऱ्या गोलकीपरवर चिडलेला फुटबॉल फॅन हे ऐकून कान टवकारणारच, कारण दुखणं त्याचंही तेच आहे.

राहिला आवरायचा प्रश्न. एवढंच ठरवून घ्या की बॉल खेळात असताना बोलणाऱ्याने वाक्य अर्धवट सोडायचं आणि कुणी राग मानायचा नाही, डेड बॉल झाला की पुढे चालू. शेवटच्या पाच ओव्हर किंवा पेनल्टी शूटआऊट असेल तर दुसरा विषय पूर्ण बंद, हे आमच्याकडे न सांगताच पाळलं जातं. मॅच रेकॉर्ड करून नंतर बघणारा कुणी असेल तर त्याच्यासमोर स्कोर काढायचा नाही. चालू राजकारण मात्र मी स्वतः टाळतो, त्यात आवाज चढतात आणि मॅचही जाते आणि गप्पाही. आणि ग्रुपमधल्या एखाद्याला खरंच फक्त मॅच बघायची असेल तर त्याला स्क्रीनजवळची जागा द्या आणि बाकीचे मागे बसा, ही सोय सोपी आहे आणि चालते.