वाचकांचे प्रश्न : नवा बोर्ड गप्प का बसतो?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नव्या एआरएम बोर्डवर लिनक्स चढवतो आहे. यू-बूट (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू करून देणारा प्रोग्राम) नीट चालतं, 'स्टार्टिंग कर्नल' ही ओळ येते आणि पुढे काहीच नाही. जेटॅग डीबगर (चिपच्या आत डोकावणारं उपकरण) घ्यावा का? – एक विद्यार्थी, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. कर्नल मजेत चालू असतानाही कन्सोलचं, म्हणजे संदेश ज्या सिरियल पोर्टवर छापायचे त्याचं, नाव चुकलं की एक अक्षर दिसत नाही. बूटआर्ग्जमध्ये, म्हणजे यू-बूट कर्नलला देतं त्या सूचनांच्या ओळीत, 'कन्सोल=' नंतर काय लिहिलंय ते आधी पाहा. काही चिपवर तिथे टीटीवायएस० लागतं, काहींवर टीटीवायएएमए०, आय.एमएक्सवर टीटीवायएमएक्ससी०. दुसऱ्या बोर्डची ओळ जशीच्या तशी उचलली की बहुतेक जण इथेच अडकतात.

नाव बरोबर असेल तर त्याच ओळीत 'अर्लीकॉन' हा शब्द जोडा. मुख्य सिरियल ड्रायव्हर उठण्याआधीचे संदेशही मग दिसू लागतात. मात्र डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) 'चोजन' नोडमध्ये 'एसटीडीआउट-पाथ', म्हणजे संदेश कुठल्या पोर्टवर जायचे ते, भरलेला हवा, नाहीतर नुसत्या शब्दाने काही होत नाही.

तरीही शांतता? मग कर्नलचे संदेश थेट रॅममधून वाचा. बोर्ड अडकला की वीज बंद न करता फक्त रीसेटचं बटण दाबा; रॅममधला मजकूर बहुधा टिकून राहतो. कर्नल बनवताना तयार होणाऱ्या सिस्टम.मॅप फाइलमध्ये '__लॉग_बफ'चा (नावाआधी दोन अंडरस्कोर; संदेश इथेच साठतात) पत्ता शोधा. ३२-बिट कर्नलच्या नेहमीच्या मांडणीत त्यातून ३ जीबी वजा करा आणि आलेल्या आकड्यात तुमच्या बोर्डच्या रॅमचा सुरुवातीचा पत्ता अधिक करा. यू-बूटच्या, रॅममधला मजकूर दाखवणाऱ्या 'एमडी' कमांडला तो पत्ता द्या. उजवीकडच्या रकान्यात कर्नलचे शेवटचे शब्द वाचता येतात. आमच्या मते ही युक्ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी. पैसा लागत नाही आणि नेमकं उत्तर मिळतं. तिथेही काही नसेल, तर डिव्हाइस ट्री आणि कर्नल रॅममध्ये एकमेकांवर चढलेत का, ते तपासा.

प्रश्न : स्वतः बनवलेल्या एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर फ्रीआरटॉस (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं. सीताबर्डीतून आणलेल्या यूएसबी-टीटीएल मॉड्यूलवर (बोर्डची सिरियल लाइन संगणकाला जोडणारं) अक्षरांऐवजी कचरा येतो. मॉड्यूल खराब आहे का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मॉड्यूलला दोष देण्याआधी दोन्हीकडचे ग्राउंड जोडलेत ना, ते बघा. ते ठीक असेल तर संशय क्रिस्टलवर, म्हणजे चिपच्या घड्याळाला ठेका देणाऱ्या भागावर. प्रोग्रामला सतत इंग्रजी कॅपिटल 'यू' पाठवायला लावा. त्याचे बिट एकाआड एक शून्य-एक असतात, त्यामुळे तारेवरचे शून्य-एक दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरवर सरळ कंगव्यासारखी लहर दिसते. आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्‌झचा स्वस्तातला अॅनालायझर आणि पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर पुरे. ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) एका बिटची रुंदी ८.६८ मायक्रोसेकंद हवी. ती ५.७९ भरली, तर घड्याळ दीडपट धावतंय: कोड ८ मेगाहर्ट्‌झ समजून लिहिलाय आणि बोर्डवर १२ चा क्रिस्टल बसलाय.

याकडे काणाडोळा करू नका. पीएलएलचा (क्रिस्टलचा वेग वाढवणारा चिपमधला भाग) गुणक ९ असेल तर ७२ ऐवजी १०८ मेगाहर्ट्‌झ होतात आणि या चिपची मर्यादा ७२ आहे. ती मधूनच हार्डफॉल्टमध्ये जाऊ शकते, म्हणजे गंभीर चूक होऊन प्रोग्राम थांबतो. गुणक ६ करा आणि कोडमध्ये क्रिस्टलचा वेग सांगणाऱ्या एचएसई_व्हॅल्यूत १२०००००० लिहा.

प्रश्न : तसाच बोर्ड दुपारी आपोआप रीसेट होतो. उन्हामुळे का? – एक वाचिका, मानेवाडा

उत्तर : अंदाज बांधू नका, चिपलाच विचारा. प्रोग्राम सुरू होताच, रीसेटचं कारण नोंदवणारं आरसीसी_सीएसआर रजिस्टर छापा. त्यात वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणारा टायमर), सॉफ्टवेअर आणि वीज यांचे वेगवेगळे ध्वज, म्हणजे खुणेचे बिट, असतात. पिन-रीसेटचा ध्वज जवळजवळ प्रत्येक वेळी लागतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. वाचून झाल्यावर आरएमव्हीएफ बिट लिहून ध्वज पुसा, नाहीतर कालचं कारण आजही दिसेल. विजेचा ध्वज लागला तर अॅडॉप्टर कूलरच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून काढा. कूलरची मोटर सुरू होताना त्या लाइनवर झटका बसतो. वॉचडॉगचा लागला तर कुठलं तरी टास्क अडकतंय; मग एसटी-लिंक हा डीबगर लावून ते कोणतं, ते शोधा.