कायदेविषयक सल्ला : ‘मिंट’ म्हणून विकलेली सुरी आणि गिऱ्हाइकाची तक्रार

नाशिकच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या काकांना जुन्या सुऱ्या जमवण्याचा नाद होता. काकांमागे त्यातली एक, शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खिशातली घडीची सुरी, त्यांनी नागपूरच्या एका संग्राहकाला १८,००० रुपयांना विकली. जाहिरातीत लिहिले होते, ‘एकदम मिंट, वापरलेली नाही, स्टॅगची मूठ’. (स्टॅग म्हणजे हरणाचे शिंग.) सोबत चार फोटो. कुरिअर पोचल्यावर बाराव्या दिवशी गिऱ्हाइकाचा निरोप आला : पात्यावर, ते उघडायला नख घालतात त्या खाचेजवळ गंजाचे ठिपके आहेत, मुठीत रिव्हेटपाशी बारीक तडा आहे, उघडल्यावर पाते किंचित हलते. पूर्ण पैसे परत करा, नाहीतर फसवणुकीची तक्रार करतो. मधल्या काळात गिऱ्हाइकाने सुरी दगडावर घासून धारही लावून घेतली होती. वाचक विचारतात, पैसे परत द्यावेच लागतील का?

पूर्ण पैसे परत द्यावे लागतील असे मला वाटत नाही. काहीच द्यावे लागणार नाही, असेही मात्र नाही.

आधी धारेचे बघू, कारण सगळ्यात जड मुद्दा तोच आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे माल न पाहता घेतला असेल तर तो नीट तपासण्याची संधी गिऱ्हाइकाला मिळायला हवी. तपासून नापसंत असेल तर त्याने तसे कळवायचे. पण माल ताब्यात आल्यावर, तो अजून विक्रेत्याचाच आहे याच्याशी विसंगत असे काही त्याने केले, तर कलम ४२ नुसार त्याने माल स्वीकारला असे धरतात. संग्रहातल्या सुरीचे कारखान्यातले मूळ पाते दगडावर घासणे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. संग्राहक त्या न घासलेल्या पात्यालाच किंमत देतो, आणि घासलेले धातू परत येत नाही. एकदा माल स्वीकारला की कलम १३ नुसार तो नाकारता येत नाही. कलम ५९ खाली नुकसानभरपाई तेवढी मागता येते. धार लावल्याचे गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेला तो मेसेज जपून ठेवा. फोन बदलला तरी पुसू नका. असा पुरावा कोर्टात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

आता तक्रारी. तिन्हींचे वजन सारखे नाही.

ठिपक्यांबद्दल तुमची बाजू लंगडी आहे. ‘फोनवर सांगितले होते’ असे तुम्ही म्हणता. गिऱ्हाईक नाही म्हणाले तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही, आणि ‘मिंट’ हा शब्द मात्र लेखी आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे कलम १५ सांगते. या छंदात मिंट म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. ऐंशी-शंभर वर्षांच्या सुरीवर ठिपके असणे स्वाभाविक आहे, पण मग तिला मिंट म्हणायचे नव्हते.

तडा तिसऱ्या फोटोत दिसतो. फोटो मोठा करून मी स्वतः पाहिला. जे डोळ्यांसमोर ठेवले होते ते लपवले असे म्हणता येत नाही, इथे तुमची बाजू बरी आहे. पाते हलण्याचे मात्र फोटोत कळणे शक्य नाही, आणि त्याबद्दल तुम्ही काही लिहिले नव्हते, त्यांनीही विचारले नव्हते. ते पहिल्यापासून होते की घासताना झाले, हे आता कोण सिद्ध करणार?

पोलिसांत जाण्याच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीला व्यवहार ठरतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. तडा दिसेल असा फोटो आपणहून पाठवणाऱ्याचा तसा हेतू दाखवणे अवघड आहे. ग्राहक आयोगाचेही तेच : घरातली वस्तू एकदा विकणारा माणूस सहसा व्यापारी ठरत नाही. काकांचा सगळा संग्रह एकेक करून विकायला काढलात, तर हे उत्तर बदलू शकते.

तर देणे निघते ते ‘मिंट’ सुरीची किंमत आणि ठिपके असलेल्या सुरीची किंमत यांतला फरक. दोन जाणत्या संग्राहकांकडून तो लेखी घ्या आणि असे कळवा : ‘माझे सर्व हक्क अबाधित ठेवून, केवळ वाद मिटावा म्हणून, अमुक रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून देण्यास तयार आहे. सुरी आपण घासली असल्याने ती परत घेणार नाही.’ त्यांचा होकार लेखी आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

हा निरोप पाठवण्याआधी एक गोष्ट थांबून बघा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची, आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. जाहिरातीत ‘स्टॅगची मूठ’ लिहिले आहे. शेफील्डच्या कारखान्यांत मुठींसाठी आपल्याकडची सांबरशिंगे जात असत. शिंगासारखी दिसावी म्हणून खाचा पाडून रंगवलेले जनावराचे हाडही सर्रास वापरत. हाड असेल तर वर लिहिलेले सगळे लागू. सांबराचे किंवा चितळाचे शिंग असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आड येतो आणि ती विक्रीच बेकायदा ठरू शकते. मग वाद ठिपक्यांचा उरत नाही. शंका असेल तर सुरी परत मागवू नका, फोटो पुढे कोणाला पाठवू नका, आणि आधी वकिलाला समक्ष भेटा. हस्तिदंती मुठीच्या सुऱ्या संग्रहात असतील तर त्या विकायच्या नाहीतच.

गुप्ती आणि खुकरी विकायला काढल्याचेही पत्रात आहे. गुप्ती शस्त्र नियमांच्या यादीत नावानिशी आहे. खुकरीचे पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर तीही त्यात येते. दोन्हींची जाहिरात आजच काढून टाका आणि पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारणा करा.