‘ऑफिशियस’ म्हणजे ‘ऑफिशियल’च का?

जळगावच्या बँकेला द्यायच्या अर्जात ‘ऑफिशियस लेटर’ लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार, तिथे ‘ऑफिशियल’च हवं. ‘ऑफिशियस’ हा दूषण देणारा शब्द आहे. तो माणसाला किंवा त्याच्या वागण्याबोलण्याला लागतो, पत्राला, कागदाला किंवा सुट्टीला लागत नाही.

अर्थ दोन अंगांचा. गरज नसताना हुकूम सोडणारा, किंवा कोणी मागितली नसताना मदत लादणारा. मराठीतले ‘आगाऊ’ आणि ‘चोंबडा’ त्याच्या बरेच जवळ जातात. पण ‘चोंबडा’ म्हटलं की नुसती लुडबुड दिसते, अधिकार मिरवायची हौस त्यात येत नाही.

समजा, केळीच्या पीककर्जासाठी चोपड्याचा शेतकरी बँकेत गेला आणि कारकुनाने सातबारा मागितला. हे ऑफिशियल काम. शाईच्या रंगाचा नियम कुठेच नसताना ‘अर्ज निळ्या शाईत का भरला? काळ्या शाईत भरून आणा’ असं दरडावून त्याला परत पाठवलं, की तो कारकून ऑफिशियस. नियमाला धरून ठाम राहणाऱ्याला मात्र ‘स्ट्रिक्ट’ म्हणा. ती निंदा नव्हे.

यासाठी हाताशी पद असावंच लागतं असंही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातली भरिताची बादली ओढून घेऊन ‘असं नाही, तसं वाढा’ करत फिरणारे पाहुणेही ऑफिशियसच.

घोटाळा होतो तो मूळ एक असल्यामुळे. लॅटिन ‘ऑफिशियम’ म्हणजे सेवा, कर्तव्य. काही शतकांपूर्वी इंग्रजीत ‘ऑफिशियस’चा अर्थ चक्क ‘मदतीला तत्पर’ असा चांगला होता. तत्परतेचा अतिरेक होत होत तो बिघडला आणि आता तो बिघडलेला अर्थच चालतो. राजनैतिक व्यवहारात ‘अनौपचारिक’ असाही एक अर्थ आहे, पण तो क्वचितच भेटतो.

उच्चार ‘अफिशस’, जोर ‘फि’वर. आधी ‘ॲन’ येतं: ‘ॲन ऑफिशियस गार्ड’. क्रियाविशेषण ‘ऑफिशियसली’, नाम ‘ऑफिशियसनेस’. शब्द पुस्तकी आहे, त्यामुळे गप्पांत ‘बॉसी’ जास्त सहज वाटतं.

आणि बँकेविरुद्ध तक्रार करायची असेल तर कर्मचाऱ्याला ‘ऑफिशियस’ म्हणून मोकळे होऊ नका. तारीख, खिडकी क्रमांक आणि त्याने नेमका कोणता जास्तीचा कागद मागितला, ते लिहा.