"व्हायरस आलाय, काय मारू?" – तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सध्या येणारे निम्मे मेसेज एकाच पठडीतले आहेत, पिकाच्या रोगट पानाचा फोटो आणि खाली "सर काय मारू", म्हणजे कोणतं औषध फवारू. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा त्यातले काही प्रश्न इथेच घेतो.

शेजारच्या प्लॉटवर व्हायरस आहे आणि वारं आमच्याकडे येतं. वाऱ्याने येईल का?

व्हायरस वाऱ्याने नाही येत, वाऱ्यावर मावा आणि पांढरी माशी येते. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, ती व्हायरसला स्वतःहून फोडता येत नाही, जखम लागते. ती जखम किडीची सोंड करते, नाहीतर तुमची कात्री.

टोमॅटोचा फक्त शेंडा आकसलाय, खालची पानं हिरवीगार आहेत. शेंडा खुडून दुकानदाराने दिलेलं अँटीव्हायरस मारलं तर झाड वाचेल का? पहिला तोडा जवळ आलाय. (नारायणगाव)

नाही वाचणार. आता जरा सविस्तर सांगतो कारण सगळे इथेच अडकतात.

कुकुंबर मोझॅक, म्हणजे सीएमव्ही घ्या. माव्याने सोंड खुपसली की व्हायरसचा कण पेशीत उतरतो, त्याचं प्रथिनाचं कवच सुटतं आणि आतला आरएनए, म्हणजे व्हायरसचा जनुकीय धागा, मोकळा होतो. मग हा आरएनए झाडाच्याच यंत्रणेकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो आणि आपल्या नकला काढतो. शेजारच्या पेशीत जायला भिंतीतून आरपार बारीक वाटा असतात, प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात त्यांना, पण त्या व्हायरसला अरुंद पडतात. म्हणून तो मूव्हमेंट प्रोटीन नावाचं खास प्रथिन तयार करतो, ते ह्या वाटा सैल करतं आणि माल पुढे सरकतो. असं पेशीपेशीने सरकत तो शिरेतल्या अन्नवाहिनीत पोचला की गाडी हायवेला लागली म्हणून समजा, पानात तयार झालेली साखर जिकडे जाते तिकडे हाही जातो, शेंडा, कोवळी पानं, मुळं, फळं. खालची जून पानं साखर पाठवतात, मागवत नाहीत, म्हणून तिथे फारसं काही दिसत नाही. म्हणजे शेंडा आकसलेला दिसला तोपर्यंत तो झाडभर पसरलेला असतो. मग शेंडा खुडून काय मिळवणार?

आणि ती बाटली. फवारलेलं कुठलंही औषध पेशीत शिरून लागण झालेलं झाड बरं करत नाही. टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मारून पान चार दिवस टवटवीत दिसतं, तुम्ही "फरक पडला" म्हणून थांबता आणि तेवढ्यात मावा त्या झाडावरून उठून पुढच्या दहा झाडांवर बसतो, पैसे गेले ते वेगळेच. दुकानदाराला विचारा, लेबलवर "विषाणू बरा होतो" असं लिहून पक्कं बिल देतो का.

सुरुवातीची दोन-चार झाडं असतील तर आजच उपटा, पिशवीत घालून प्लॉटबाहेर न्या, बांधावर टाकू नका. लागण जास्त पसरली असेल तर काय ठेवायचं, काय काढायचं हे पिकाचं वय बघून ठरतं, नमुना घेऊन केव्हीकेत, म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात जा, फोटोवरून मी सांगणार नाही.

मावा मारला की व्हायरस थांबेल ना? ग्रुपवर ताक-हिंगाचा फॉर्म्युला आलाय.

ताक-हिंग राहू द्या. सीएमव्ही आणि पपईचा रिंगस्पॉट माव्याच्या सोंडेला काही सेकंदांत चिकटतो आणि तितक्याच पटकन पुढच्या झाडात जातो, औषध लागून मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. इथे मका-ज्वारीची बॉर्डर, चंदेरी मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिक कागद), रोपवाटिकेला कीटकरोधक जाळी ह्याचाच जास्त उपयोग. पांढऱ्या माशीचं वेगळं, पानं मुरडणाऱ्या लीफ कर्लचा व्हायरस तिच्या अंगात फिरून लाळेत यावा लागतो, त्याला काही तास जातात, पण मग ती मरेपर्यंत पसरवू शकते. तिथे वेळेवर फवारणी कामाची. कोणतं औषध आणि किती, ते कृषी सहायकाला विचारून.

टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) केळी लावली तरी हरण्या, म्हणजे केळीवरचा सीएमव्ही, आला. फसवलं का? (रावेर)

असेलच असं नाही. टिश्यूकल्चर म्हणजे लस नाही, स्वच्छ रोपालाही मावा बसला की लागण होते. मातृवृक्षच रोगट असेल तर मात्र अख्खी बॅच रोगट निघते, म्हणून बुकिंग करतानाच विषाणू तपासणीचा दाखला मागा. केळीत काकडी, भोपळा, मिरची लावली होती का तेही आठवा, सीएमव्हीला हजारावर वनस्पती चालतात.

असा टोमॅटो खाल्ला तर माणसाला होतो का?

नाही. 2020 च्या मे महिन्यात "तिरंगा व्हायरस" म्हणून टीव्हीवर बोंब उठली आणि शेतकऱ्याच्या मालाची नाहक बदनामी झाली. बंगळुरूच्या आयआयएचआर ह्या बागायती संशोधन संस्थेने नमुने तपासले तर निघाला मुख्यतः हाच सीएमव्ही, झाडांचा.

मजूर तंबाखू मळून तोडणी करतात. खरंच फरक पडतो?

पडतो. तंबाखू मोझॅकचा व्हायरस वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हातावरून झाडाला लागतो. साबणाने हात धुवायला लावा, आणि बांधणी-खुडणी रोगट ओळीत सगळ्यात शेवटी.