रिलॅक्सेजला मराठीत 'शिथिलक' म्हणावं का?

ताई, तुम्ही विचारलंत की भाचीला जिवाणूंच्या संयुग्मनावर, म्हणजे एक जिवाणू दुसऱ्याला डीएनए देतो त्यावर, मराठीत लिहायचंय, तर 'रिलॅक्सेज' या प्रथिनाला 'शिथिलक' चालेल का. मला विचाराल तर नको. शिथिलक म्हटलं की स्नायू सैल करणारं औषध आठवतं, आणि इथे सैल काही पडत नाही, इथे पीळ सुटतो.

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं दोन पदरी कडं, आणि ते स्वतःभोवतीच पिळलेलं असतं. मी सियागंजातून आणलेल्या दोन पदरी सुतळीला भरपूर पीळ देऊन टोकं बांधली, तर ती लगेच वेढे घालत गोळा झाली, मग ब्लेडनं एकच पदर कापला आणि दुसरा गर्रकन फिरून कडं मोकळं झालं. 1969 साली क्लेवेल आणि हेलिन्स्की यांना ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्लाझ्मिडमध्ये असंच दिसलं होतं, प्रथिन चिकटलेल्या कड्याला डिटर्जंट लावला की एक पदर तुटून पीळ जायचा, म्हणून त्यांनी त्याला रिलॅक्सेशन कॉम्प्लेक्स म्हटलं. नाव तिथून आलंय, आरामाशी संबंध नाही. आणि पीळ तर आपला घरचाच शब्द, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतोच की आपण, इथे इंदूरात शेजारचेही 'रस्सी जल गई पर बल नहीं गया' म्हणतात.

मग 'पीळमोचक' करावं का? मलाही मोह झाला होता, पण पीळ काढणारी दुसरी प्रथिनंही आहेत, टोपोआयसोमरेज आहेच. शिवाय पीळ सुटणं हा नुसता परिणाम, याचं खरं काम पुढे आहे. हे प्रथिन ठरलेल्या जागी, ओरि-टीवर, एकच पदर तोडतं, आणि तोडून बाजूला होत नाही, आपल्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लानं त्या पदराचं एक टोक (पाच-प्राइम म्हणतात ते) धरूनच ठेवतं आणि तसंच त्याला घेऊन दुसऱ्या पेशीत जातं. ई. कोलायमधल्या एफ प्लाझ्मिडचं रिलॅक्सेज, ट्रा-आय, तर दोन पदर उलगडायचं कामही स्वतःच करतं, पेशीबाहेर जायच्या दारापर्यंत पोचवायला ट्रा-डी हे दुसरं प्रथिन असतं. एवढं सगळं एका मराठी शब्दात बसवायचा हट्ट कशाला?

भाचीला 'रिलॅक्सेज'च लिहू द्या, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'एक पदर तोडून त्याचं टोक धरून नेणारं प्रथिन' असं जोडा. 'पदर' मात्र नक्की वापरा, स्ट्रँडला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. आणि लिंग नपुंसक ठेवा, ते रिलॅक्सेज, प्रथिन आहे ना.