जमिनीत पुरलेली ऑइल टँक काढायचीय, कॉन्ट्रॅक्टर कसा निवडू?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, हीटिंग गॅसवर आहे पण मागच्या भिंतीलगत दोन लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेले दिसले म्हणून तपासून घेतलं तर खाली घर तापवायच्या तेलाची जुनी टँक निघाली. तीन कॉन्ट्रॅक्टरांचे रेट आलेत. सगळ्यात स्वस्तवाला म्हणतो परमिटबिरमिट काही लागत नाही, अर्ध्या दिवसात काढतो, पण पैसे सगळे आधी. यांचं म्हणणं त्यालाच देऊन टाकू. काय करू?

उत्तर: त्याला अजिबात देऊ नका. परमिट नको म्हणणारा माणूस तिथेच बाद. तुमच्याकडे टाउनशिपचं परमिट लागतं, इन्स्पेक्टर येऊन खड्डा बघून जातो, आणि पुरलेली टँक काढणाऱ्या कंपनीकडे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, म्हणजे डीईपीचं, सर्टिफिकेशन असावं लागतं. त्याचा नंबर मागा आणि स्वतः तपासा. इन्शुरन्सचंही तसंच, नुसता लायबिलिटी इन्शुरन्स पुरत नाही, पोल्युशन कव्हर आहे का ते विचारा, कारण तुमच्या घराच्या पॉलिसीत तेल गळतीचं नुकसान बहुतेक वेळा धरलेलंच नसतं.

पण माझा खरा जीव अडकतो तो मातीत. टँक काढायचा खर्च ठरलेला असतो, तेल झिरपून माती खराब झालेली निघाली तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. आमच्याकडे टँक निघाली तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभी होते, वरून ती धडधाकट दिसत होती, पण माणसाने तळाशी चिकटलेली माती खरवडली आणि गंजाच्या पापुद्र्याखाली टाचणीएवढी भोकं दिसली, आणि डिझेलसारखा वास आला. स्टीलची टँक आतूनही सडते, तळाशी पाणी साचतं ना. तेव्हा मला कळलं की खराब मातीचा टनामागे रेट काय, हे मी विचारलंच नव्हतं. उघडा खड्डा आणि समोर मशीन, अशा वेळी घासाघीस कोण करणार, सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

म्हणून आत्ताच तिघांकडून लेखी घ्या: खराब माती उचलायचा टनामागे रेट, भरायला आणायच्या स्वच्छ मातीचा रेट, आत उरलेलं तेल आणि गाळ किती गॅलनपर्यंत धरलाय, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय जास्तीचं खोदणार नाही ही ओळ. जमलं तर मातीचे सँपल दुसऱ्या कंपनीकडून घ्या. गळती आहे असं सांगणारा आणि ती साफ करून पैसे घेणारा एकच माणूस असला की शंका राहतेच. गळती सापडलीच तर ती डीईपीला कळवावी लागते, लपवायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, घर विकताना ते बाहेर येतंच.

खोदण्याआधी ८११ ला, म्हणजे खोदकाम कळवायच्या फोन नंबरला, कॉल झाला पाहिजे, मग माणसं येऊन गॅस आणि विजेच्या लाइनवर खुणा करून जातात, तो कॉल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचा असतो पण झाला का ते तुम्ही विचारा. टँकमध्ये वाळू किंवा फोम भरून जागच्या जागी ठेवायचा पर्यायही कुणी सुचवेल, पण खाली माती कशी आहे ते नीट कळत नाही आणि पुढच्या खरेदीदाराला ते नको असतं, तेव्हा काढूनच टाका. शेवटचा हप्ता टाउनशिपने परमिटचं काम पूर्ण झालं असं लिहून दिलं, मातीचा लॅब रिपोर्ट आणि तेल-टँक कुठे टाकली त्याच्या पावत्या हातात आल्या की मगच.

प्रश्न: आमची टँक बेसमेंटमध्ये आहे, २७५ गॅलनची. ती काढणंही एवढंच अवघड का?

उत्तर: नाही, खोदकाम नाही म्हणून बरंच सोपं. पण एक नक्की बघा, बाहेरच्या भिंतीतला तेल भरायचा पाइप पूर्ण काढलाच पाहिजे. टँक गेली आणि पाइप राहिला, मग चुकून आलेल्या ट्रकवाल्याने त्यात तेल सोडलं, सगळं बेसमेंटमध्ये, असं खरंच झालेलं आहे. नुसतं झाकण लावून जातो म्हणाला तर जाऊ देऊ नका.