गोळ्या चालू आहेत, तरी आजार का उलटला?

"मॅडम, एक गोळी चुकलेली नाही. मी स्वतःच्या हाताने देतो. मग हा परत का बिघडला?"

पाटण तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक समोर बसले होते. शेजारी त्यांची पत्नी, म्हणजे काकू, आणि खिडकीकडे तोंड करून त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्याला समीर म्हणू. नाव आणि तपशील बदलले आहेत. समीरला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला ऐकू येतात. त्यावरचं ओलान्झापिन हे औषध चालू होतं, तरी दीड वर्षात दुसऱ्यांदा आवाज वाढले, झोप गेली. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: उपयोग नसेल तर गोळ्या बंदच का करू नयेत?

गुरुजी कोयनेच्या काठचे. मी म्हटलं, "धरणाची भिंत भक्कम आहे, तरी पावसाळ्यात पाण्याची पातळी बघावी लागते ना? दरवाजे उघडून विसर्ग करावाच लागतो. गोळी ही भिंत आहे. ती काढायची नाही. पण पाणी किती चढतंय तेही बघायला हवं."

"पण घरात त्याला ताण कसला? आयतं जेवण, काम काही नाही."

मी काकूंना एक काम दिलं. एक दिवस, समीरला घरात कुणीही काही विचारलं, सांगितलं, टोकलं, की वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. उठलास का, अंघोळ केलीस का, गोळी गिळलीस का, बघू तोंड उघड, तुझ्या वयाची मुलं बघ. पुढच्या वेळी काकूंनी रुमालात बांधून शेंगदाणे आणले. गुरुजींनी टेबलावर दोनदा मोजले. त्रेचाळीस. "मला वाटलं सहा-सात असतील," ते हळू आवाजात म्हणाले. समीरने त्या दिवशी पहिल्यांदा मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते: घरच्यांच्या बोलण्यामुळे स्किझोफ्रेनिया होत नाही. त्रेचाळीस शेंगदाणे ही गुरुजींची काळजीच होती. पण झालेला आजार उलटण्यात घरातल्या वातावरणाचा वाटा मोठा असतो. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी 1976 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात टीका किंवा अति काळजी जास्त आणि रुग्णाचा घरच्यांशी समोरासमोरचा सहवास आठवड्याला 35 तासांहून जास्त, अशा घरांत औषध घेणाऱ्यांपैकीही निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. तशाच घरांत सहवास कमी असेल आणि औषध चालू असेल, तर हे प्रमाण साधारण सातांत एक होतं. आणि ताणही जास्त, औषधही नाही, तिथे दहातले नऊ. हे आकडे मी गुरुजींना कागदावर लिहून दिले. हिशेबाचा माणूस, त्यांना ते पटकन पोचलं.

दुसरा धागा समीरनेच दिला. घरात वाजलं की तो गोठ्यामागे जाऊन सिगारेट ओढायचा. दिवसाला चारावरून पंधरावर गेला होता. ही बाब सहसा कुणी डॉक्टरांना सांगत नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन लवकर फोडून टाकतं आणि रक्तातलं औषध कमी पडतं. म्हणजे गोळी रोज पोटात जात होती, पण ताणापोटी ओढलेल्या सिगारेटी तिचा जोर कमी करत होत्या. मी लगेच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं. एकदम सोडू नकोस, हेही समीरला बजावलं. सिगारेट अचानक बंद झाली तर तेच औषध रक्तात वाढतं आणि गुंगी येते. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही.

मग आम्ही घराची घडी बदलली. गोळीबद्दल दिवसातून एकदाच विचारायचं, रात्री जेवणानंतर, आणि तेही काकूंनी. सकाळी आठपर्यंत झोपणं हा आळस नाही. काही आजार, काही औषधाची सुस्ती. गुरुजींनी रोज सकाळी दोन तास वाचनालयात बसायचं. ही सूचना त्यांना सुरुवातीला शिक्षा वाटली. समीरने संध्याकाळी नदीपर्यंत चालायचं, एकट्याने. झोपेची वेळ मात्र ठरलेली. झोप बिघडली की त्याचे आवाज वाढतात, हे त्याच्याच नोंदींच्या वहीत दिसत होतं.

मध्येच एका नातेवाइकाने दहा दिवसांच्या मौन-ध्यान शिबिराचं सुचवलं, "गोळ्या सुटतील" म्हणून. मी स्पष्ट नको म्हटलं. चालणं, मंद श्वास, ठरलेला दिनक्रम हे सगळं गोळीच्या जोडीला. ज्याला भास होतात त्याने दिवसभर डोळे मिटून स्वतःच्या मनात उतरणं धोक्याचं ठरू शकतं.

चार महिन्यांनी एका रात्री समीर आपणहून आईला म्हणाला, "आज आवाज जरा जास्त आहे." आधी तो हे लपवायचा, कारण सांगितलं की घरात रडारड व्हायची. यावेळी काकूंनी फक्त "बरं, उद्या डॉक्टरांना फोन करू" म्हटलं. डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केला. दोन आठवड्यांत तो सावरला. आधीच्या दोन्ही वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

अंघोळ अजूनही रोज होत नाही. गुरुजींना ते खुपतं, पण ते उठून अंगणात जातात.

आता बहिणीचं लग्न आहे. पाहुणे, जागरण, प्रश्नांचा भडिमार. आम्ही चौघांनी बसून बेत लिहिला: हळदीला तासभर, गोळ्यांची डबी मामीकडे, रात्री दहाला झोप, "सध्या काय करतोस?"ला कोणतं उत्तर द्यायचं. कागद माझ्याकडे परत आला तेव्हा खाली समीरच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "वरातीत डीजे लागला की मी मामाच्या घरी. बाबांनी शोधायला यायचं नाही."

तिच्यापुढे गुरुजींनी सही केली होती.